मदत हवी आहे: बहीण एफवायबीएस्सीला, मी सुरतेत आणि सगळे ओटीपी माझ्याच फोनवर

उधनावाला भाऊ

नमस्कार मंडळी. आम्ही धरणगाव तालुक्यातले. मी आठ वर्षांपासून सुरतेत उधन्याला कापडाच्या लूमवर आहे. घरी आई-बाबा, अडीच एकर कापूस आणि धाकटी बहीण. ती यंदा बारावी सायन्स पास झाली. बी.एस्सी. करायचं म्हणते, जळगावला. घरातून कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. मी बारावीनंतर आयटीआयचा फॉर्म आणला होता, तो अजून पेटीत पडलाय.

अडचण अशी की आधार कार्डं निघाली तेव्हा घरात मोबाइल एकट्या माझ्याकडे होता. म्हणून सगळ्यांच्या आधारला माझाच नंबर. आता ती धरणगावला कॅफेत बसून फॉर्म भरते आणि ओटीपी येतो इकडे. कारखान्यात लूमच्या खडखडाटात फोन वाजलेला कळत नाही, शिवाय मुकादम फोन हातात दिसला की ओरडतो. बघेपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली. बुधवारी तीनदा असं झालं, कॅफेवाल्याने तिला उठवलं. ती घरी येऊन रडली म्हणे. मला तिने सांगितलं नाही, आईने सांगितलं.

आता प्रश्न. कॉलेजवाले एबीसी आयडी आणा म्हणतात, ते काय असतं? टीसी मूळ मागतात, द्यायची का? फॉर्मवर मेजर, ओई, व्हीएससी, एसईसी असं काय काय आहे, आणि सायन्सच्या पोरीला कॉमर्सचा विषय दाखवतोय. चुकून दुसराच फॉर्म भरला का? मुलींना सगळं शिक्षण मोफत झालं असं ऐकलं, मग फी कसली मागतात? तिच्या आधारवर बाबांचं नाव नुसतं पाळण्यातलं आहे, दहावीच्या मार्कशीटवर त्यामागे 'राव' लागलाय, याने अडेल का? आणि बाबा म्हणतात बांभोरीला उतरून विद्यापीठातच विचारून येतो. जाऊ देऊ का?

फाइलवाले अण्णा

भाऊ, पहिल्यांदा बाबांना थांबवा. एका कॉलेजच्या ऑफिसात मी ३१ वर्षं काढली. दर जून-जुलैत निम्मे पालक पाळधीकडून येताना बांभोरीला उतरायचे, विद्यापीठाच्या आवारात तासभर हिंडायचे आणि मग जळगावची दुसरी गाडी धरून आमच्या खिडकीशी घामाघूम होऊन उभे राहायचे. तिथे बहुतेक पदव्युत्तर विभाग आहेत. एफवायबीएस्सीचा प्रवेश कॉलेजातच होतो. विद्यापीठाशी कागद लावणं हे कॉलेजचं काम. पात्रता तपासून झाली की तिला पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा कायमचा नोंदणी नंबर मिळेल, तो डिग्रीपर्यंत तोच. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा.

१९९० साली हे विद्यापीठ झालं. त्याआधी आपण पुण्याच्या हाताखाली होतो, एखादा कागद अडला की पुण्याची वारी. आता जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांचं सगळं इथंच. २०१८ पासून नाव कवयित्री बहिणाबाई चौधरींचं आहे, पण बाबा एसटीत जुनं 'उमवि' (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ) ऐकतील आणि गोंधळतील. दोन्ही एकच.

टीसीचं सांगतो. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१८ ची सूचना आहे की अर्ज भरताना मूळ कागद जमा करायला लावू नयेत, बघून परत द्यावेत. मार्कशीटच्या बाबतीत हे निक्षून पाळा. बघायला द्या, टेबलावरून उठताना हातात घेऊनच उठा. टीसी मात्र आपल्याकडे प्रवेश पक्का झाला की जमा होतेच, कारण पुढे कॉलेज बदललं तर नवी टीसी हेच कॉलेज देणार. देण्याआधी सहा-सात झेरॉक्स काढा आणि दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो मोबाइलमध्ये ठेवा. जातीच्या दाखल्याला, व्हॅलिडिटीला, पुढे कधी कशाला टीसीवरची नोंद लागेल सांगता येत नाही. लोक मग दहा वर्षांनी आमच्याकडे रजिस्टर काढायला येतात, आणि त्या वर्षीच्या रजिस्टरला वाळवी लागलेली असते.

नावाचं: आधार दुरुस्त करून दहावीच्या मार्कशीटसारखं करा. उलटं करायला जाऊ नका, बोर्डाची दुरुस्ती म्हणजे चपला झिजवणं.

शॉर्टकट जिंदाबाद

एवढं काय त्यात. कॅफेवाल्याला तीनशे रुपये द्यायचे, तो त्याचाच नंबर टाकून सगळं भरून देतो. आम्ही तेच केलं.

केळीबाग रावेर

वरच्या भाऊंचं ऐकू नका, हात जोडतो. माझ्या पुतण्याचा महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्तीच्या साइटवरचा) अर्ज असाच एका कॅफेवाल्याने भरला. मोबाइल त्याचा, ई-मेल त्याचा, पासवर्ड त्याच्या डोक्यात. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करायला गेलो तर दुकानाला कुलूप, पठ्ठ्या गाव सोडून गेलेला. पासवर्ड बदलायचा म्हटलं तरी ओटीपी त्याच्याच नंबरावर. अख्खं वर्ष गेलं त्यात.

दुसरा घोळ पैशाचा. शिष्यवृत्ती मंजूर दिसायची, खात्यात काही नाही. बँकेत विचारलं तर 'आधार लिंक आहे' म्हणायचे. होतंच, पण सरकारी पैसा खात्याचा नंबर बघत नाही. आधार शेवटी ज्या बँकेशी जोडला असेल तिथं जातो, त्याला ते सीडिंग म्हणतात. पुतण्याचं शाळेत असताना एक झिरो बॅलन्सचं खातं काढलेलं, पासबुक उंदरांनी खाल्लं, आम्ही विसरूनही गेलो होतो. सगळे पैसे तिथं जाऊन बसले होते! आधारच्या साइटवर बँक सीडिंग कुठलं आहे ते दिसतं. अर्ज भरायच्या आधी बघा.

एसवायवाली

दादा, फॉर्म बरोबर आहे, घाबरू नका. मी या नव्या शैक्षणिक धोरणाच्या पहिल्या बॅचची, २०२४ ची. आमच्या वेळी तर सरांनाही पुरतं माहीत नव्हतं, रोज नवी नोटीस लागायची.

मेजर म्हणजे तिचा मुख्य विषय. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, तो मुद्दामच दुसऱ्या शाखेतला घ्यावा लागतो, म्हणून सायन्सवाल्यांना कॉमर्स किंवा आर्ट्सचा दिसतो. व्हीएससी, एसईसी हे हाताला काम शिकवणारे छोटे पेपर. शिवाय एखादी भाषा, पर्यावरण किंवा संविधानासारखा पेपर, भारतीय ज्ञान प्रणाली, आणि एनएसएस, एनसीसी, खेळ यांतलं एक. सगळं मिळून एका सत्रात २२ क्रेडिट, वर्षाला ४४. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३०. ही क्रेडिटं जमा होतात ते खातं म्हणजे एबीसी. डिजिलॉकरमधून निघतं, पैसे लागत नाहीत, पण आधारचा ओटीपी लागतो आणि नाव जुळावं लागतं. म्हणजे तुमचं घोडं तिथंच अडणार.

ओई निवडताना विषय छान आहे का ते नंतर, आधी तास किती वाजता आहे ते विचारायला सांगा. आमच्याकडे ओईचे तास दिवसाच्या शेवटी ठेवले होते. माझी गावची बस साडेचारची. पूर्ण सत्र मी अर्धा तास बसून पळत होते, आणि हजेरी ७५ टक्के लागते. मैत्रिणीने सकाळचा ओई घेतला, ती निवांत.

इंग्रजीचं पण सांगते, कारण मी मराठी शाळेतली. पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजी. सर समजावताना मराठीत येतात, पण फळ्यावर सगळं इंग्रजीत. पहिला महिना मी नुसती उतरवून घेत होते, घरी येऊन रडत होते. (सगळ्याच रडतात वाटतं.) मग बारावीचं पुस्तक जवळ घेऊन बसायला लागले, निम्मं तेच असतं. दिवाळीपर्यंत बरं वाटतं.

अजून एक, कोणी जुना माणूस 'झूलॉजीला डिसेक्शन बॉक्स लागतो' म्हणाला तर घेऊ नका. बेडूक-बिडूक कापणं यूजीसीने २०१४ मध्येच बंद केलं. बॉटनीच्या सेक्शनला सुई, चिमटा, ब्लेड लागतं, ते सुटं मिळतं.

उधनावाला भाऊ

खूप खूप आभार सगळ्यांचे. रात्रपाळी संपवून वाचतोय. अण्णा, बाबांना फोन केला, ते थांबले, पण 'विद्यापीठ बघून तरी येतो' म्हणतायत. फीचं आणि मोफतचं राहिलं. आम्ही ओबीसीत येतो.

फाइलवाले अण्णा

मोफतचा तो शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा. तो व्यावसायिक अभ्यासक्रमांचा, इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून लागलेल्या मुलींना, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. साध्या बी.एस्सी.ला तो धरून बसू नका. तुमचा मार्ग महाडीबीटीचा: जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, फीची पावती, बोनाफाईड. तहसीलचे दाखले आजच टाका. शेवटच्या आठवड्यात सेतू केंद्रावर जत्रा भरते आणि सर्व्हरही तेव्हाच झोपतो.

फी एकदम जमत नसेल तर प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज करून हप्ते मागा. खिडकीवरचा माणूस 'नाही' म्हणेल, त्याच्या हातात ते नसतंच. मीही म्हणायचो.

आणि तिचा पुढे कुठे दुसरीकडे नंबर लागला तर फी बुडते असं कोणी सांगितलं तर मानू नका. जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी प्रवेश सोडला तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमाने थोडं प्रक्रिया शुल्क सोडून पूर्ण परत. नंतर ९०, ८०, ५० टक्के अशी उतरत जाते, आणि त्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काही नाही. अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची.

दोंडाईचानी मिरची

भाऊ, बाकी सगळं ऱ्हाऊ दे. आधी बैनना आधारले बैननाच नंबर लाव.

सगळे जण एबीसी, शिष्यवृत्ती, फी सांगतायत, पण मूळ दुखणं ते आहे. तुम्ही आणखी तीन वर्षं सुरतेत बसून तिचे ओटीपी कळवत राहणार का? परीक्षेचा फॉर्म आहे, रॅगिंगविरोधी हमीपत्र दरवर्षी ऑनलाइन आहे, शिष्यवृत्तीचं नूतनीकरण आहे. आधार केंद्रावर तिने स्वतः जायचं, बोट टेकवायचं, नवा नंबर सांगायचा. जुना नंबर लागत नाही, मोबाइल बदलायला कागदही लागत नाही. नावाची दुरुस्ती त्याच फेरीत होईल, त्यासाठी मात्र कागद लागतो, कुठला चालेल ते केंद्रावर विचारून घ्या. तिच्याकडे सिम आहे ना?

उधनावाला भाऊ

सिम आहे, बाबांच्या नावावर. फोन आईचा आणि तिचा मिळून एक.

खरं सांगू, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी मुकादमाला सांगून फोन जवळ ठेवायची परवानगी मागणार होतो.

एसवायवाली

दादा, तिला स्वतःचा फोन घेऊन द्या. जुना चालेल. नोटीस, प्रॅक्टिकलची बॅच, टाइमटेबल सगळं ग्रुपवर येतं. आईच्या फोनवर असलं की आई शेतात आणि ग्रुपवर 'उद्या सकाळी आठला'.

आणि बसचा पास. बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत फुकट होता, आता कॉलेजला पैसे पडतील. विद्यार्थी सवलत ६६.६७ टक्के, म्हणजे तिसरा हिस्सा भरायचा. बोनाफाईड मिळाल्याशिवाय पास नाही, तोपर्यंत महिलांचं अर्धं तिकीट काढून जायचं. पहिल्या पंधरा दिवसांचे पैसे जवळ ठेवा.

उधनावाला भाऊ

(तीन आठवड्यांनी)

कळवायचं राहिलं. मी रजा टाकून रात्रीच्या गाडीने निघणार होतो. ती म्हणाली, येऊ नको, खाडे पडतील. आईला घेऊन स्वतः आधार केंद्रावर गेली. पहिल्या दिवशी लाइट नव्हती, दुसऱ्या दिवशी झालं. नंबर बदलला, 'राव' पण लागला. प्रवेश झाला, दोन हप्त्यांत फी ठरली. अण्णा म्हणाले तसंच झालं, खिडकीवर नाही म्हणाले आणि प्राचार्यांनी सही केली. ओई सकाळचा घेतला. बाबा विद्यापीठ बघून आले, 'झाडं चांगली आहेत' एवढंच बोलले.

कॉलेज सुरू झालं म्हणायला. पहिले चार दिवस एकच तास झाला म्हणे, बाकी वेळ पोरी लायब्ररीच्या पायऱ्यांवर. आई विचारते, याचेच पैसे भरले का?

शिष्यवृत्तीचा फॉर्म काल भरायचा होता. मी दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसलो, मुकादमाची बोलणी खाल्ली. ओटीपी आलाच नाही. संध्याकाळी काळजीने फोन केला, तर म्हणे, फॉर्म तर सकाळीच भरला.

एकच राहिलं. लॅबचा एप्रन इथून पाठवतो म्हटलं. कसा घेऊ?

एसवायवाली

पूर्ण बाहीचा, पांढरा, सुती. पॉलिस्टरचा नको, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बर्नर असतो.

उधनावाला भाऊ

आठ वर्षं झाली, रोज बारा तास पॉलिस्टर विणतोय. आख्ख्या उधन्यात सुती कुठे मिळतं, मला माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा.