मदत हवी आहे: इंदूरच्या सीबीएसई शाळेत तिसरी भाषा मराठी कशी मिळवावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरचे, लोकमान्य नगरात राहतो. लेक आठवीत, धाकटा पाचवीत, दोघं एकाच सीबीएसई शाळेत. गेल्या पालकसभेत सांगितलं, की आता नववी-दहावीलाही तीन भाषा सक्तीच्या होणार आणि आपल्या शाळेत त्या इंग्रजी, हिंदी आणि संस्कृत असतील. आजवर तिसरी भाषा आठवीनंतर सुटायची, त्यामुळे तिच्याकडे ना मुलं लक्ष द्यायची ना पालक. आता ती दहावीपर्यंत राहणार असेल, तर आमच्यासारख्या घरांतल्या मुलांना ती मराठी का मिळू नये, असं मी सभेनंतर विचारलं. उत्तर मिळालं की शिक्षक नाहीत, मुलं नाहीत, आणि मराठी तर तुम्ही घरी बोलताच.

पहिल्या दोन अडचणी मला समजतात. तिसऱ्या मुद्द्यासाठी मी लेकीचं एक पत्र शाळेत दाखवणार आहे. दिवाळीत तिनं आजीला लिहिलं होतं, कोणाचीही मदत न घेता: "आजी, आम्ही लोक सराफा गेले होते. पप्पानी मला बोलले की तुला जे पाहिजे ते घेऊन घे. मामाचा नवीन घर खूप मोठा आहे." हीच मुलगी बोलायला लागली की कोणी म्हणणार नाही हिची मराठी कच्ची आहे. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला बसली की सगळं कळतं, हसते, घरी येऊन नक्कल करून दाखवते. लिहिताना मात्र मनात हिंदी वाक्य तयार होतं आणि त्यावर मराठी शब्द बसवले जातात. सासरे मराठी शाळेत शिकले. ह्यांच्या वेळी घरात मासिकं यायची, त्यावर भागलं. मुलांकडे आता फक्त कानावर पडलेली मराठी आहे. मी शिकवते, पण गणिताचा क्लास, प्रोजेक्ट, परीक्षा यातून उरलेल्या वेळात, आणि तो वेळ उरतच नाही. वेळापत्रकात तास असेल तर गोष्ट वेगळी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मी स्वतः बसून वाचलं. परिच्छेद ४.१३ मध्ये म्हटलंय की तीन भाषा कोणत्या ते राज्यं, प्रदेश आणि अर्थातच विद्यार्थी यांच्या पसंतीवर असेल, फक्त त्यातल्या किमान दोन भारतीय हव्यात. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही नववी-दहावीला तीन आणि अकरावी-बारावीला दोन भाषा आहेत. इंग्रजी, हिंदी, मराठी घेतलं तर अट पूर्ण होते. सीबीएसईच्या दहावीच्या विषयांत मराठी आधीपासून आहे, विषय क्रमांक ००९. मध्य प्रदेश बोर्डाच्या दहावीलाही मराठीचा पेपर असतो.

संस्कृतला माझा विरोध नाही. आमच्या घरात रोज स्तोत्रं म्हटली जातात आणि लेकीला तीन वर्षांत संस्कृतची गोडी लागली आहे. ह्यांचं म्हणणं तेच आहे, की तिला येतंय, मार्क पडतात, मग चालू गाडी कशाला थांबवायची. पण सक्तीनं एक भाषा शिकायचीच असेल, तर ती आजीशी पत्रानं बोलता येणारी असावी असं मला मनापासून वाटतं.

तर मला हे विचारायचंय: दुसऱ्या राज्यात राहून कोणी शाळेकडून मराठी मिळवली आहे का, अर्जात काय लिहिलंत? बोलता येतं पण लिहिता येत नाही अशा मुलांना कोणती पुस्तकं द्यावीत? आणि आठवीपर्यंत संस्कृत केलेल्या मुलीला नववीत बदल करणं शहाणपणाचं आहे का? शाळेचं नाव लिहीत नाही, कृपया कोणी अंदाज करू नका.

— रामबागची लेक

*

तुमची जागा निदान रिकामी आहे हो ताई. आम्ही बडोद्याचे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्या गावात आमच्या नातवाला मराठीसाठी चौथी भाषा करावी लागते. गुजरातच्या २०२३ च्या कायद्यानं पहिली ते आठवी सर्व शाळांत, सीबीएसईतही, गुजराती सक्तीची आहे. ते योग्यच आहे, ज्या मातीत राहतो तिची भाषा यायला हवी. त्यावर हिंदी आणि इंग्रजी झाली की तीन भरल्या. तुमच्याकडे राज्याची भाषा आणि हिंदी एकच, म्हणून तिसऱ्या जागेवर तुम्ही हक्क सांगू शकता. ही संधी सोडू नका.

— दांडिया बाजार

*

मी बरीच वर्षं सीबीएसई शाळेत भाषा शिकवली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही ४.१३ वाचलंत, पण त्याच परिच्छेदात पुढे आहे की भाषा बदलायची असेल तर ती सहावी किंवा सातवीत बदलता येईल. शाळा हे वाक्य तुमच्यासमोर ठेवणार. तेव्हा लेकीसाठी आणि मुलासाठी दोन वेगळे अर्ज करा. मुलगा पुढच्या वर्षी सहावीत जाईल, त्याच्या बाबतीत शाळेला नाही म्हणायला धोरणात काही आधार नाही. लेकीचा अर्ज विनंतीच्या सुरात असू द्या, आणि नववीच्या नोंदणीआधी द्या. बोर्डाकडे नववीत जे विषय नोंदवले जातात त्यांवरच दहावी होते. एकदा नोंदणी झाली की शाळेची इच्छा असली तरी हात बांधले जातात. मला विचाराल तर तिचं संस्कृत राहू द्या आणि मराठी घरी पक्की करा. जोर लावायचा तो धाकट्यासाठी.

राज्यघटनेचा आधार फार ताणू नका. कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षण देण्याबद्दल आहे, पण प्राथमिक स्तरापुरतं. संख्येचा एक जुना दाखला मात्र कामाला येईल: १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं असली तर मातृभाषेच्या शिक्षकाची सोय करावी असं ठरलं होतं. तो निर्णय प्राथमिकचा आहे, खाजगी शाळेवर बंधनकारक नाही, पण "किती मुलं हवीत?" या प्रश्नाला तोंडी बोलण्यापेक्षा बरं उत्तर आहे. म्हणून आधी यादी करा. मुलाचं नाव, इयत्ता, पालकाची सही. नुसतं "आमच्याकडे पुष्कळ मराठी मुलं आहेत" म्हटलं की फाइल तिथेच थांबते.

शिक्षकाची अडचण खरी आहे. मराठी घेऊन पदवी आणि वर बी.एड. अशी व्यक्ती हवी, आणि एका शाळेत आठवड्याच्या मोजक्या तासांसाठी पूर्ण पगार कोणी देत नाही. दोन-तीन शाळांनी मिळून एक शिक्षक ठेवला तर जमतं. धोरणात शाळासंकुलाची, म्हणजे जवळच्या शाळांनी मिळून शिक्षक आणि सोयी वापरण्याची, कल्पना आहे ती याचसाठी, आणि ४.१२ मध्ये राज्यांनी आपसांत करार करून भाषाशिक्षक घ्यावेत असंही आहे. अर्जात या दोन्हींचा उल्लेख करा.

— जुने मास्तर

*

थोडं वेगळं मत. मराठी घरात आहेच, मग शाळेनं तमिळ किंवा कन्नड का शिकवू नये? १९६८ च्या त्रिभाषा सूत्रात हिंदी भाषक राज्यांनी एक आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेतली, शिकवावी असंच होतं. उत्तरेत तिथे संस्कृत बसवली गेली आणि मूळ हेतू राहून गेला.

— बेळगावकर

*

पुण्याहून लिहितेय. आमची बदली इंदूरहून झाली तेव्हा मुलगा सातवीत होता आणि महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यामुळे मराठी सगळ्या शाळांत सक्तीची झालेली, त्यामुळे पर्याय नव्हता. तुमच्या लेकीचं पत्र वाचून त्याचीच वही आठवली.

बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवता येतात. थेट तिच्या इयत्तेचं मराठी माध्यमाचं पुस्तक देऊ नका, दमून जाईल. इतर माध्यमांच्या मुलांसाठी आठवीपर्यंत "सुलभभारती" आहे, नववी-दहावीला "अक्षरभारती". सुलभभारती सहावीपासून सुरू करा. पाठ आवडीचे निघाले की ती स्वतः पुढे जाईल.

हिंदीतून येणाऱ्या मुलांच्या चुका ठरलेल्या असतात. एक, नपुंसकलिंग. हिंदीत दोनच लिंगं, म्हणून घर मोठा होतो. आम्ही घरातल्या वस्तूंना तो, ती, ते च्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, फ्रिजपासून उशीपर्यंत. दोन, शेवटचा इकार-उकार. हिंदीत कवि, गुरु लिहायची सवय असते, मराठीत कवी, गुरू. हा एक नियम समजला तरी शुद्धलेखन निम्मं सुधारतं. तीन, भूतकाळात "ने" कुठे लागतो ते. "पप्पा मला म्हणाले" असं कानाला बरोबर वाटेपर्यंत मोठ्यानं वाचून घ्या. नियम सांगून हे येत नाही. रोज पाच-सहा ओळींचं श्रुतलेखन आजीनं फोनवरून घातलं तरी चालेल, आमच्याकडे आजोबांनी घातलं.

— कसब्यातली इंदुरी

*

सगळ्यांचे खूप आभार.

मास्तर, सहावी-सातवीचं वाक्य मी वाचलं होतं, पण ते धाकट्यासाठी असं उलट वापरता येईल हे सुचलं नव्हतं. लेकीशी काल बोलले. तिला संस्कृत सोडायची नाही, आणि मराठी घरी शिकायला तयार आहे, पण श्रुतलेखन आजीच घालणार या अटीवर. सासूबाईंनी आजच सुलभभारतीचा पहिला पाठ छापून मागवला.

बेळगावकर, शाळेनं उद्या कन्नडचा शिक्षक आणला तर मी दोन्ही मुलांना आनंदानं पाठवीन. पण आज निवड संस्कृत आणि मराठी यांतच आहे, आणि कागदावरची मराठी आमच्या घरातून माझ्या डोळ्यांदेखत जातेय.

धाकट्यासाठी यादी सुरू केली आहे. आमच्या गल्लीतली आणि सुदामा नगरातली मिळून पाचवी-सहावीची सात मुलं झाली, दहा होतील असं वाटतं. शिक्षकासाठी महाराष्ट्र साहित्य सभेत विचारून येणार आहे. इंदूर, महू किंवा देवासमध्ये मराठी घेऊन पदवी आणि बी.एड. झालेलं, आठवड्यातून काही तास शिकवायला तयार असलेलं कोणी माहीत असेल तर मला निरोप करा. आणि मास्तर, अर्जाचा मसुदा रविवारी इथेच टाकते, एकदा नजरेखालून घालाल का?

— रामबागची लेक