सभासद तीनशे, तूर आणणारे पन्नास: कंपनीचे ध्येय सर्वांना आपले कसे वाटेल?

प्रश्न: शेतकरी उत्पादक कंपनीचा संचालक, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

आमच्या कंपनीत तीनशेहून अधिक सभासद असून प्रत्येकाने 2,000 रुपयांचे भाग घेतले आहेत, कारण तेवढ्या रकमेपर्यंत केंद्राच्या 2020च्या योजनेतून जोड अनुदान, म्हणजे भागाइतकीच रक्कम कंपनीला, मिळते, हे आम्हीच त्यांना समजावून सांगितले होते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिलही बसवली. मात्र गेल्या हंगामात कंपनीच्या काट्यावर तूर आणणारे जेमतेम पन्नास निघाले. बाकीच्यांनी ती दारात आलेल्या खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला दिली. दहा संचालकांपैकी बैठकीला तिघे येतात, त्यातला एक माझा चुलतभाऊ. भिंतीवर ध्येयवाक्य मोठ्या अक्षरांत रंगवून घेतले, दोन वार्षिक सभांत कळकळीने बोललो. लोकांनी ऐकले, चहा घेतला आणि घरी गेले. नेतृत्व करणाऱ्याने याहून वेगळे काय करायला हवे?

उत्तर 1: ग्रामसंघाची (गावातील बचत गटांच्या संघाची) माजी अध्यक्ष, जि. वर्धा

दादा, 'आम्हीच समजावून सांगितले' हे तुमचे शब्द मला खटकले, कारण मीही दोन वर्षे तेच करत होते. आमच्या बचत गटांत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब या पाच गोष्टी नियमाने पाळायच्या असतात. इतर बायांना जमणार नाही या समजुतीने सर्व नोंदवह्या मी स्वतःकडे ठेवल्या होत्या. हिशेब चोख होता, पण बैठकीला येणाऱ्या बायांची संख्या घटत सहावर आली. शेवटी एका वयस्कर मावशींनी विचारले, "सगळे तूच करतेस, तर आम्ही कशाला यावे?" त्यानंतर नोंदवही दर तीन महिन्यांनी दुसऱ्या सभासदाकडे द्यायचे ठरले. चुका झाल्या, एकदा 140 रुपयांचा मेळ लागेना म्हणून दिवेलागणीपर्यंत सगळ्या बसून राहिलो. त्या संध्याकाळी मात्र एकही बाई उठून गेली नाही. तुमच्या न येणाऱ्या सात संचालकांकडे नेमके कोणते काम आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही.

उत्तर 2: निवृत्त शिक्षक, जि. गडचिरोली

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे सर्वांना ठाऊक झाले. पण त्या घोषणेमागची कामाची पद्धत फारशी सांगितली जात नाही. तेथे अभ्यासगट आणि ग्रामसभा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. अभ्यासगटात कोणीही, बाहेरचा जाणकारसुद्धा, बसून चर्चा करू शकतो, परंतु तेथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत आणि बहुमताऐवजी सर्वसहमतीने होतो, म्हणजे एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो. वेळ लागतो, हे खरे. वनहक्क कायद्याखाली 2009मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, तरी बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल 2011 उजाडले. एवढ्या काळात गाव फुटले नाही, याचे श्रेय देवाजी तोफा यांच्यासारख्या नेत्याला जितके आहे तितकेच या पद्धतीलाही आहे, असे मला वाटते. कारण निर्णयात प्रत्येकाचा होकार असल्याने 'हे त्यांनी ठरवले' असे म्हणायला कोणी उरला नव्हता. तुमच्या सभेत ठराव आधी लिहून आणलेले असतात की तेथे चर्चा होऊन लिहिले जातात?

उत्तर 3: कास्तकार, जि. अकोला

गुरुजींचा आदर राखून सांगतो की एका पाड्याएवढे गाव आणि पंधरा-वीस गावांत विखुरलेले तीनशे कास्तकार यांची तुलना जपूनच करावी. मेंढ्याचे जंगल एकच आहे. इथे प्रत्येकाचा सातबारा वेगळा, कर्ज वेगळे आणि गरजेची तारीखही वेगळी. 1972मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा खासगी व्यापाऱ्याला कापूस विकण्यास बंदी होती; तरीही शेजारच्या राज्यात भाव बरा असला की कापूस सीमेपलीकडे जात असे, कारण तिकडे रोख मिळे आणि इकडे चुकाऱ्याची, म्हणजे मालाच्या पैशांची, वाट पाहावी लागे. कायदा जे थांबवू शकला नाही ते भिंतीवरचे ध्येयवाक्य कसे थांबवणार? व्यापारी ज्या दिवशी माप घेतो त्याच दिवशी पैसे मोजतो. तुमचा चुकारा किती दिवसांनी होतो, आर्द्रता कोणासमोर मोजली जाते आणि काट्याची पावती लगेच मिळते का, हे आधी सांगा. शिवाय सभासदाने कंपनीशी जितका व्यवहार केला त्या प्रमाणात बोनस देण्याची तरतूद उत्पादक कंपनीच्या कायद्यातच आहे. ज्याने तूर आणली आणि ज्याने आणली नाही, त्या दोघांच्या पदरात वर्षअखेरीस सारखेच पडत असेल, तर न आणणाऱ्याला दोष देता येत नाही.

प्रश्नकर्त्याचे पुढील टिपण, तीन आठवड्यांनी

तिन्ही उत्तरे छापून संचालकांना वाचायला दिली. ठराव आम्ही आधीच लिहून आणत होतो, हे कबूल करतो. या वेळी कोरी वही घेऊन चार गावांत बसलो, तेव्हा डाळीचा किंवा ब्रँडचा विषय एकाही गावात निघाला नाही. चारही ठिकाणी मागणी एकच होती: चुकारा तीन दिवसांत व्हावा आणि काट्याजवळ गावातलाच एक माणूस उभा असावा. गेल्या वर्षी आमचा चुकारा सतरा दिवसांनी झाला होता. तीन दिवसांत पैसे द्यायचे, तर खेळते भांडवल अपुरे पडते. म्हणून पहिल्या हंगामात सर्वांची तूर न घेता शंभर सभासदांची, प्रत्येकी पाच क्विंटलपर्यंतच घ्यायची असे ठरले. हे शंभर कोण, ते चिठ्ठ्या टाकून निघेल. बैठकीला कधीही न येणाऱ्या एका संचालकाने काट्याची जबाबदारी मागून घेतली, याचे मला आश्चर्य वाटले. उरलेल्या दोनशे जणांना काय सांगायचे, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही. वर्ध्याच्या ताईंना काही सुचत असेल तर त्यांनी अवश्य लिहावे.