बसथांबा नक्की असतो कोणाचा?

सिंहगडरोडची_सून
मंडळी, प्रश्न अगदी बेसिक आहे, हसू नका. आमच्या सोसायटीसमोर बसथांब्याची शेड होती, फुटपाथच्या कामात ती काढली त्याला आता आठ महिने झाले. उरलाय तो पाटीचा खांब, तोही कोणीतरी पन्नास पावलं पुढे नेऊन रसवंतीच्या टपरीला टेकवून ठेवलाय. त्यामुळे जुने ड्रायव्हर जुन्या जागी थांबतात, नवीन असला तर रसवंतीपाशी, आणि आम्ही मधोमध उभं राहून हात करतो. परवा सासूबाई गुडघ्याला पट्टा बांधून बसमागे पळाल्या, बस गेलीच, वर रसवंतीवाला म्हणतो आजी या बसा, हाफ घ्या.

सह्यांचा अर्ज घेऊन एका ऑफिसात गेलो तर रस्ता आमचा पण शेड आमची नाही. दुसरीकडे म्हणाले शेड आमची पण जागा त्यांनी दाखवायची. तिसरीकडे म्हणाले सिग्नलच्या इतक्या जवळ थांबा कशाला हवा? माणसं तिन्हीकडची चांगली होती, एका ठिकाणी तर चहा पाजला. पण बस चालवणारे आणि रस्ता सांभाळणारे हे वेगवेगळे कसे काय? आणि अर्ज नक्की द्यायचा कोणाला?

पेठेतला_पावटा
अहो ताई, पुण्यातल्या बस चालवणारी पीएमपी हे पालिकेतलं खातं नाहीये, वेगळी कंपनी आहे. पूर्वी पुण्याची पीएमटी होती आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी, २००७ मध्ये दोन्ही एकत्र करून पीएमपीएमएल झाली. पुणे मनपा ६० टक्के, पिंपरी-चिंचवड मनपा ४० टक्के, आणि तोट्याचे पैसेही दोघं त्याच हिशोबाने भरतात. म्हणजे दोन भावांनी मिळून टेम्पो घेतला, पण टेम्पो ज्या रस्त्याने जाणार तो कधी या भावाचा, कधी त्या भावाचा, कधी कॅन्टोन्मेंटचा नाहीतर पीडब्ल्यूडीचा. आणि सिग्नल नि पार्किंग बघणार ट्रॅफिक पोलीस. त्यात बऱ्याच गाड्या ठेकेदाराच्या आहेत, गाडी आणि ड्रायव्हर त्याचा, कंडक्टर पीएमपीचा, ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर. आता एवढ्या लोकांत तुमचा खांब कोणाचा हे तुम्हीच सांगा 😄

रिटायर्ड_कंडक्टर
वरच्यांनी बरोबर लिहिलंय, पण खरी मजा शेड्यूलमधे आहे. टाइमटेबल आगारात बसून आपण करायचो, पण ते पाळायचं की नाही हे रस्ता ठरवतो. साधी गोष्ट घ्या, थांब्यावर दोन रिक्षा आणि एक चारचाकी उभी आहे. मग गाडी कडेला लागत नाही, तिरकी उभी राहते, शेपूट रस्त्याच्या मधे, मागे हॉर्न सुरू, आणि फुटपाथवर उतरायची बाई थेट डांबरावर उतरते, उंची वाढली ना, मग हात धरा, पिशवी धरा, एक मिनिट गेलं. असे एका फेरीत चाळीस थांबे. संध्याकाळपर्यंत एक फेरी कट, आणि लोक शिव्या देणार कंडक्टरला. हे एकट्या बसवाल्यांच्या हातचं नाहीच, रस्तावाले आणि पोलीस बरोबर नसतील तर नवीन कोऱ्या ई-बस आणा नाहीतर विमान आणा.

ताई, तुम्ही एकच अर्ज करा, तिन्ही ऑफिसांच्या नावाने, खाली प्रत कोणाकोणाला ते लिहा आणि मागणी एकच ठेवा, संयुक्त पाहणी. शेड द्या, खांब हलवा असं काही नको, फक्त तारीख द्या आणि तिघं एकत्र जागेवर या. चुन्याची खूण मारून घ्या, फोटो काढा आणि तिघांच्या सह्या घेतल्याशिवाय कोणाला सोडू नका. आमच्या वेळी नवीन थांबा असाच व्हायचा.

नळस्टॉपचा_भाचा
एकत्र काम जमत नाही असं नाही हो. नळ स्टॉपला बघा, एकाच खांबावर खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो, महामेट्रो आणि मनपाने मिळून केलंय. आणि उलटं उदाहरण पाहिजे तर विद्यापीठ चौक, तिथला आधीचा पूल २०२० मध्ये पाडला, कारण हिंजवडी मेट्रो त्यात बसत नव्हती. बांधताना कोणी पुढचं विचारलं असतं तर? बीआरटीचंही तेच वाटतं मला, कात्रज-स्वारगेट-हडपसरला २००६ ला सुरू झाली, कल्पना चांगली, रस्त्याच्या मधे फक्त बससाठी वेगळी लेन. पण लेनमधे बाकीच्या गाड्या घुसल्या की अडवायच्या कोणी, यावर सगळं घोडं अडतं. नगर रोडची तर पुढे काढूनच टाकली. मोठी कामं असली की बैठका होतात, तुमच्या खांबाला कोण विचारतंय.

पेठेतला_पावटा
@नळस्टॉपचा_भाचा बीआरटीवर वेगळा धागा काढ बाबा, नाहीतर इथे दोनशे कमेंट होतील आणि त्या आजी उभ्याच राहतील.

सिंहगडरोडची_सून
अपडेट देते. काकांनी सांगितलं तसा एकच अर्ज केला, तीन शिक्के मारून घेतले. दोघांचे फोन आले, पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला येतायत, तिसऱ्यांचं बघतो बघतो चाललंय, उद्या सासूबाई स्वतः जाणार आहेत पट्टा बांधून. रसवंतीवाल्याला खांब हलणार म्हणून सांगितलं तर त्याचं तोंडच उतरलं.