मदत हवी आहे: गोळ्या आणि दारू सोडवण्यासाठी कोल्हापुरात भरती करून घेणारं केंद्र

नमस्कार मंडळी. मावसभाऊ, वय २६, राहायला राजारामपुरीत. झोपेसाठी सुरू केलेल्या अल्प्राझोलमच्या गोळ्या आता रोजच्या झाल्यात, वर दारू. परवा मावशीनं संतापून सगळ्या पट्ट्या फेकून दिल्या. दुसऱ्या दिवशी त्याला कप धरवेना, अर्धा चहा शर्टावर, अंग घामानं डबडबलेलं. डॉक्टर म्हणाले, या गोळ्या एकदम तोडल्या तर फिट येऊ शकते, डोस हळूहळूच उतरवायचा. दारूचंही तसंच, घरी प्रयोग नको. सध्या त्यांनी ठरवून दिलेला डोस चालू आहे.

सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, दाखवणारच आहोत. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइनही माहीत आहे. पुण्याचं मुक्तांगण कुणीतरी सुचवेलच, पण मावशी एकटी, तिला लांब झेपणार नाही.

कोल्हापूर, सांगली, मिरज इथं चोवीस तास डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ असलेलं, नोंदणीकृत केंद्र कुणाला माहीत आहे का? रात्री त्रास वाढला तर लगेच घेतात का? खर्च साधारण किती, घरच्यांना भेटू देतात का? बांधून, मारून 'सुधारणारी' ठिकाणं कृपया सांगू नका, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात ते बसतही नाही. पोरगं स्वतःहून यायला तयार आहे, आज तरी. म्हणून घाई. घरातलं कुणी ठेवलं असेल त्यांनी इनबॉक्स केलं तरी चालेल.