ग्रँड कॅनियनला जाऊन आलेल्यांनो, लिहा तुमचे अनुभव

रानवारा:
काल भाचीचा फोन आला, सासूसासऱ्यांना मे महिन्यात ग्रँड कॅनियन दाखवायचाय, कसं करू विचारत होती आणि मला एकदम बाबाच आठवले. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलेलं त्यांचं. मॅथर पॉइंटला कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाले, "हे सगळं एका नदीनं केलं?" आणि मग किती वेळ बोललेच नाहीत. बाबा आता नाहीत. लिहा सगळ्यांनी, प्लॅनिंगचं पण, तिला वाचायला देते.

चिंचगूळ:
व्हेगासवरून जाणार का? मग आधी सांग तिला, तो काचेचा स्कायवॉक नॅशनल पार्कात नाहीये, वेस्टला हुआलापाई या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर आहे, तिकीट वेगळं, पार्कचा पास चालत नाही. खरा बघायचाय तो साउथ रिम, म्हणजे दक्षिणेचा कडा, व्हेगासहून साडेचार तास तरी धरा. यावरून आमच्या घरात चांगलीच वादावादी झालेली.

दुपारचाचहा:
रानवारा, बाबांचं वाचून डोळ्यात पाणी आलं गं. माझ्या सासऱ्यांचे गुडघे गेलेले, तरी त्यांनी सगळ्यात जास्त एंजॉय केलं. यावापाई म्युझियमपासून कडेकडेनं 'ट्रेल ऑफ टाइम' आहे, पक्का रस्ता, एक मीटर चाललं की दहा लाख वर्षं मागे. वाटेत तिथल्याच खडकांचे मोठे तुकडे बसवलेत, हात लावता येतो. ते प्रत्येक दगडावर तळवा ठेवत चालले होते, नातू पुढे पळून कंटाळला तरी यांचं चालूच. शटल फुकट आहे, दमलं की बसा.

डोंगरवेडा:
ब्राइट एंजलच्या पायवाटेने खाली उतरणार असाल तर एक लक्षात ठेवा, आपल्याकडे गड आधी चढतो आणि दमल्यावर उतरायचं असतं, इथे उलटं, चढ शेवटी आणि तोही भर उन्हात. वर सात हजार फुटांवर छान गार असतं म्हणून माणूस फसतो, उन्हाळ्यात तळाला चाळिशी पार असते. साउथ कायबॅब या दुसऱ्या वाटेवर तर पाण्याचा थेंब नाही. आणि नुसतं पाणी पीत राहू नका, सोबत खारं खा, मीठ कमी पडून माणसं आजारी पडतात तिथे.
बाकी तळाचा तो काळपट खडक, विष्णू शिस्ट नाव आहे त्याचं, १७० कोटी वर्षांहून जुना! आपला सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटींचा. समोरच्या सुळक्यांची नावं पण विष्णू टेंपल, शिवा टेंपल. डटन म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ होता त्याची कृपा. मी तर हात जोडले.

चिंचगूळ:
खारं म्हणजे चिवडा बेस्ट. फक्त तिथल्या खारींना घालू नका, जाम धीट आहेत, चावतात.

दुपारचाचहा:
मे मध्ये पण पहाटे स्वेटर लागतो हां, सूर्योदयाला आजींना कानटोपी द्या. चिंचगूळ, चिवडा पातळ पोह्यांचा का? माझा प्रवासात मऊ पडतो.

चिंचगूळ:
भाजक्या पोह्यांचा कर गं, आठवडाभर कुरकुरीत राहतो. इंडियन स्टोअरला मिळतात.

रानवारा:
भाचीने शटल आणि तो ट्रेल लिहून घेतलाय, खाली उतरायचं नाही असं पण ठरलं. चिवड्याचं प्रमाण टाक ना, किलोला मीठ किती?