सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलंय का कुणी? अनुभव लिहा

केवडा
सकाळी दूध घेऊन वर येत होते तर जिन्यात शेजारच्या काकू, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. म्हणाल्या, परवा गुडघ्यात सुई घ्यायचीय गं, तू खांद्यात घेतली होतीस ना, फार दुखतं का? तिथेच अर्धा तास बोलत उभ्या राहिलो आम्ही, आणि मला २०१९ आठवलं सगळं.

उजवा खांदा, फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडून जाम झालेला. सात महिने ब्लाउजचे मागचे हूक लेक लावून द्यायची, आंबाडा घालता येईना, दोरीवर चादर टाकायची तर डाव्या हाताने. रात्री त्या कुशीवर वळलं की अशी कळ यायची की उठून बसायचे. शेवटी घेतलं इंजेक्शन. पाठीमागून दिलं खांद्याच्या, ट्रायामसिनोलोन नावाचं स्टिरॉइड ४० मिलिग्रॅम आणि त्यातच भुलीचं औषध मिसळलेलं. सुई टोचली तेव्हा एवढं नाही, औषध आत जाताना मात्र गच्च दाब आला, सांधा आतून फुगतोय असं वाटलं. मिनिटभरही लागलं नसेल. बाहेर आले आणि हात कानापर्यंत गेला! रिक्षात रडलेच मी आनंदाने.

आणि रात्री आठला ठणका सुरू. आधीपेक्षा जास्त. मला वाटलं सुई चुकली, काहीतरी तुटलं आत, रात्रभर बसून काढली. दुसरा दिवसही तसाच. तिसऱ्या दिवशी उतरायला लागलं आणि सहाव्या रात्री त्याच कुशीवर पहाटेपर्यंत झोपले. नंतर कळलं की पहिला आराम भुलीचा असतो, ती काही तासांत उतरते, आणि खरं औषध लागू पडायला दोन-तीन दिवस, कधी आठवडाही जातो. मधल्या वेळात काहींना असा ठणका येतो. हे एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर ती रात्र तशी गेली नसती. म्हणून लिहा सगळ्यांनी, काकूंना वाचून दाखवणार आहे.

गोदाकाठ
केवडाताई अगदी अगदी. माझा डावा गुडघा. आधी त्याच सुईच्या वाटेने पाणी काढलं, पिवळसर, मोठी सिरिंज भरली, मग त्यातूनच औषध. पाणी निघाल्यावरच निम्मं हलकं वाटलं. दोन दिवस जिने नाही, ओझं नाही, दिवसातून तीन-चार वेळा बर्फ फडक्यात गुंडाळून १० मिनिटं. शेक अजिबात नको त्या दिवसांत. बाकी नंतर लिहिते दूध ठेवलंय गॅसवर

सांजवात
शुगर असेल तर कृपा करून आधी सांगा डॉक्टरांना. बाबांना खांद्यात दिलं तेव्हा विचारलंच नाही कुणी आणि आम्हालाही सुचलं नाही. उपाशीपोटी १४० असायची ती दुसऱ्या दिवशी २९० दाखवली, मशीन बिघडलं म्हणून शेजाऱ्यांचं आणलं, त्यातही तेच. चारेक दिवस तशीच राहिली मग आली खाली. नाव नाही लिहीत त्या डॉक्टरांचं पण राग अजून आहे माझ्या मनात, एक प्रश्न विचारायला काय लागतं? आणि फ्रोझन शोल्डर होतो तोच शुगरवाल्यांना जास्त. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तेही सांगा.

केवडा
सांजवात, काकूंना शुगर आहे!! बरं झालं लिहिलंस. आत्ताच जाऊन सांगते

मिरजवाला
बाकी सगळं ठीक पण टाचेत घेतलंय का कुणी? सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की खिळ्यावर ठेवल्यासारखं. डॉक्टर म्हणतात आधी व्यायाम आणि मऊ चप्पल, मग बघू.

गोदाकाठ
मिरजवाला दादा, ऐका डॉक्टरांचं. बहिणीने टाचेत घेतलं होतं, ओरडली होती बिचारी, कातडी जाड असते ना तिथली. आणि तिथे वरचेवर घेतलं तर टाचेखालची चरबीची गादीच विरते म्हणे. घरात अनवाणी फिरता का तुम्ही? फरशीवर नका फिरू.

मिरजवाला
फिरतो. आई घरात चप्पल घालू देत नाही, देवघर आहे समोर.

गोदाकाठ
घरातली वेगळी जोडी आणा, आईंना दुखणं नीट समजावून सांगा, ऐकतील त्या.

बाळाचीआई
मनगटात घेतलं मी, अंगठ्याच्या मुळाशी. बाळाला काखेत धरून उचलून उचलून झालं होतं, बाटलीचं झाकण फिरवलं तरी डोळ्यात पाणी. इंजेक्शनने पाचव्या दिवशी बरं वाटलं ते आजतागायत. फक्त तिथे रुपयाएवढा पांढरा डाग पडला आणि खड्डा पडल्यासारखी कातडी पातळ झाली. मी तर घाबरून कोड आलं समजले, सासूबाईंनी तर दोन दिवस जेवण सोडलं. कातडीच्या जवळ औषध राहिलं की होतं असं, वर्षभराने बराच भरून आला. अंगावर पाजत होते तेव्हा, ते सांगून विचारूनच घेतलं होतं.

लीड्सहून
इकडे इंग्लंडात सरकारी दवाखान्यात मला फिजिओथेरपिस्टनेच दिलं, डॉक्टर नाही. आधी कागद वाचायला दिला, काय काय होऊ शकतं ते सगळं लिहिलेलं, दुसऱ्या दिवशी चेहरा लाल होईल हेही. आणि खरंच झाला, गाल गरम, दोन दिवस. झोपही नीट नाही लागली पहिल्या रात्री. आईला व्हिडिओ कॉल केला तर म्हणे उन्हात गेलीस का, इथे ऊन कुठलं आई!

रानजाई
स्टिरॉइड म्हटलं की आमच्या घरी सगळ्यांना धडकी भरते. कुणी सांगेल का महिनोन्‌महिने गोळ्या घेणं आणि हे एकच का?

औषधपेटी
३० वर्षं मेडिकल चालवतोय म्हणून लिहितो. एकच नाही. रोजची गोळी रक्तातून सगळ्या अंगभर जाते, हे बरंचसं सांध्यात राहतं आणि हळूहळू विरघळतं, थोडं रक्तात जातं म्हणून तर शुगर चढते. कॉर्टिसोनचा, म्हणजे याच जातीच्या स्टिरॉइडचा, संधिवातावर पहिला प्रयोग १९४८ चा, १९५० ला त्या कामाला नोबेल मिळालं, तेव्हा औषध जुनं आणि ओळखीचं आहे. पण उठसूट नको. २०१७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात झिजलेल्या गुडघ्याच्या १४० पेशंटपैकी निम्म्यांना दर तीन महिन्यांनी हे आणि निम्म्यांना नुसतं सलाईन दिलं, असं दोन वर्षं. दुखण्यात म्हणावा असा फरक नाही पडला आणि हे घेणाऱ्यांची कूर्चा, म्हणजे सांध्यातली हाडांवरची गादी, जास्त झिजली. म्हणून एका सांध्यात वर्षाला तीन-चारच्या वर डॉक्टर सहसा देत नाहीत. गुडघा बदलायचा ठरला असेल तर आधीच्या तीन महिन्यांत घेऊ नका, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

गोदाकाठ
काका हे छान सांगितलंत. मला पहिल्याने पाच महिने आराम पडला, दुसऱ्याने जेमतेम सहा आठवडे. तिसरं नाही घेतलं.

सरावाचीवही
मी फिजिओ आहे, गुडघ्या-खांद्याचेच पेशंट जास्त. एकच कळकळीने सांगते, दुखणं थांबलं की लोक यायचे थांबतात. इंजेक्शनने सांधा मोकळा होत नाही, दुखणं कमी होतं, आणि त्या काही आठवड्यांत व्यायाम केला तर सांधा मोकळा होतो. खांद्यासाठी ओणवं होऊन हात लोंबता सोडून हलके गोल फिरवणं, भिंतीवर बोटांनी चढत जाणं. भिंतीवर पेन्सिलीने खूण करा रोज. माझ्या एका आजींनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर केल्या होत्या, दोन महिन्यांत खुणा मिरचीच्या डब्याच्या फळीपर्यंत गेल्या. आणि सांधा लाल, गरम होऊन सुजत चालला, ताप आला किंवा तीन दिवसांनीही ठणका वाढतोच आहे तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. क्वचित होतं पण ते जंतू असू शकतात.

पाऊलवाट
आईचा हट्ट की वारीच्या आधी दोन्ही गुडघ्यांत घ्यायचं आणि आळंदीहून चालायचं. कसं समजावू

सरावाचीवही
पाऊलवाट, आधी गुडघे तपासून घ्या, इंजेक्शन घेऊन लगेच एवढं चालणं नको. दुखत नाही म्हणून जास्त चालतात आणि मग बसतात. काही टप्पे चालून बाकी गाडीने असं बोलून बघा. माउलींना काय तेवढं कळत नाही?

पाऊलवाट
हे शेवटचं वाक्य तिला वाचून दाखवलं. गप्प झाली, पण नाही म्हणाली नाही 🙏

केवडा
काकूंचं झालं आज. शुगरचं आधी सांगितलं, डॉक्टरांनी पाच दिवस सकाळ-संध्याकाळ तपासून लिहून ठेवायला सांगितलं. दुपारी खुशीत होत्या, चहा करू का म्हणाल्या, मी बसवलं त्यांना. आत्ता साडेनऊला फोन आला, ठणकतंय गं, तू म्हणाली होतीस तसंच. आवाजात भीती नव्हती. बर्फ घेऊन खाली चाललेय.