मावा दिसला की पंप उचलायचा, की थांबायचं?

बांधावरून: मावा म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड. तिचे चार किडे दिसले की दुसऱ्या दिवशी फवारा, ही सवय मोडा. आधी पानं उलटून बघा. वीसेक झाडं, प्रत्येकाची वरचं-मधलं-खालचं अशी तीन पानं. कपाशीत पानामागे सरासरी 10 मावा ही नुकसानीची पातळी. त्याच्या आत पंप घरीच, मित्रकिडे मावा खातात, नियंत्रण आपोआप होतं. मावा फुगून तपकिरी, टणक झाला असेल तर त्याच्या पोटात परजीवी गांधीलमाशीची अळी आहे. आणि ती काळपट, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी अळी ढालकिड्याची (लेडीबर्ड), म्हणजे मावा खाणारीच. लोक नेमकी तीच चिरडतात!

फवारा_मास्तर: कागदावर छान आहे. मावा नराशिवाय थेट पिल्लं देतो, ढगाळ हवेत आठवड्यात शेंडे भरतात. ढालकिडा येतो तो मागून. करडईत वाट बघत बसलात तर बोंडं पोचट. तिथे मावा आधी कडेच्या झाडांवर दिसतो, तेव्हाच कडेचा पट्टा फवारून मोकळं व्हायचं.

पाचटवाला: 2002 साली सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला तो आठवा. वाढलेल्या उसात पंप घेऊन शिरणार कसं? शेवटी आवरला तो डिफा आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या मित्रकिड्यांनीच. हेक्टरी डिफाच्या 1000 अळ्या किंवा मायक्रोमसच्या 2500, आणि सोडल्यावर फवारणी पूर्ण बंद.

फवारा_मास्तर: म्हणजे आणून सोडले ना? मग ‘आपोआप होतं’ कशाला म्हणायचं?

पाचटवाला: आणले थोडे, वाढले ते फवारा थांबला म्हणून.

पपई_एकरी: दोघांचं गणित पपईत चुकतं. रिंगस्पॉट या पपईच्या रोगाचा विषाणू मावा सोंड टोचतो त्या काही सेकंदांत झाडात जातो. औषधाने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. थांबूनही भागत नाही. कडेने दाट मका लावा, काकडी-भोपळा जवळ नको, रोगट झाड दिसताच उपटा.

बांधावरून: पटलं, विषाणू असेल तिथे माझा नियम नाही. बाकी पिकांत आधी युरियाचा हात आखडा. कोवळी लुसलुशीत पालवी म्हणजे माव्याला आमंत्रण. मुंगळ्यांची रांगही तोडा, माव्याच्या चिकट गोडव्यासाठी ते ढालकिड्यांना हुसकावतात. फारच वाटलं तर निंबोळी अर्क: 5 किलो पावडर 10 लिटर पाण्यात रात्रभर, गाळून, पाणी घालून 100 लिटर, फवारणी संध्याकाळी.

फवारा_मास्तर: युरियाचं मान्य. करडईची कड मात्र मी फवारणारच.